हरकतदार

नाशकात मतांचा दुष्काळ कधीच पडला नाही. 1864 साली येथे नगरपालिका स्थापन झाली आणि 1982 साली तिची महानगरपालिका झाली. परंतु या दोन्ही संस्थांच्या सभागृहांत मिळून जेवढा कारभार चालला असेल, त्याहून अधिक कारभार रविवार कारंजावरच्या चहाच्या टपऱ्यांवर, गोदाघाटाच्या पायऱ्यांवर आणि वाचनालयातल्या वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती दररोज विनावेतन चालत आलेला आहे. रस्ता रुंद करावा की करू नये, बाजार हलवावा की आहे तेथेच ठेवावा, धरणातले पाणी कोणास किती द्यावे, यांविषयी ठाम मत नसलेला नाशिककर शोधून सापडणार नाही. मात्र या अमाप मतसंपत्तीपैकी कागदावर उतरून, सही-तारखेनिशी, शरणपूर रोडवरील महापालिकेच्या राजीव गांधी भवनात बारनिशीच्या खिडकीपर्यंत पोहोचणारे मत अगदी विरळा. आणि ते पोहोचविणारा जो एक गृहस्थ प्रत्येक पेठेत, नगरात आणि कॉलनीत हटकून आढळतो, तो हरकतदार.

हा गृहस्थ बहुधा निवृत्त असतो, आणि तो नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेला असला म्हणजे तर सोन्याहून पिवळे. कारण ज्याने उभी हयात नोटांच्या आणि तिकिटांच्या तावांत सुईच्या अग्राएवढा दोष शोधण्यात घालविली, त्याच्या दृष्टीपुढे महापालिकेचे निर्दोष असे काय टिकणार! शेजारीपाजारी त्यास नाना म्हणतात, म्हणून आपणही नानाच म्हणू. नाना वर्तमानपत्र हाती घेतात ते आतल्या पानावरील बारीक टायपातील जाहीर नोटिशीपासून. ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ हे शब्द दृष्टीस पडताच त्यांच्या मुद्रेवर जे तेज झळकते, ते नातवाच्या बारशालाही झळकले नव्हते, अशी काकूंची तक्रार आहे. आणि नानांचे त्यावर उत्तर असे, की बारशाला कोणी हरकती मागविल्या होत्या?

नानांचा अर्ज हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. ‘मी खाली सही करणार, सज्ञान, धंदा निवृत्त, कारणे हरकत अर्ज सादर करतो ऐसा जे’ येथून तो निघतो, आणि मजकूर, सदरहू, उपरोक्त, सबब अशा मुक्कामांवर विसावा घेत, सातव्या पृष्ठावर ‘हुकूम होण्यास विनंती’ या ठिकाणी टेकतो. संगणकावर लिहून पाठविण्याची सोय झाल्यापासून नाना तेही करतात; परंतु त्या पाठविण्यावर त्यांचा काडीइतका विश्वास नसल्याने, पाठविल्याची छापील प्रत काढून ती हातोहात बारनिशीत रुजू करतात. खिडकीतला कारकून त्यांस पाहून विचारतो, ‘नाना, आज कशावर?’ नाना उत्तरतात, ‘परिच्छेद चार वाचा.’

त्यांची भूमिका कोणत्या बाजूची, हे मात्र त्यांच्या थोर दफ्तरावरूनही ठरविता येत नाही. 2003 च्या सिंहस्थाच्या वेळी रामकुंडाच्या परिसरात नदीच्या तळावर सिमेंटचे थर पडले, तेव्हा जिवंत झऱ्यांचे तोंड दाबले म्हणून नानांनी हरकत घेतली. पुढे शहाण्या लोकांनी तोच मुद्दा लावून धरला, आणि पुष्कळ वर्षांनी ते काँक्रीट फोडण्याची तजवीज झाली, तर नानांनी त्यासही हरकत घेतली. का, तर फोडण्यापूर्वी हरकती मागविल्या नव्हत्या. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा 1.1 किलोमीटरचा रस्ता ‘स्मार्ट’ करण्याचे काम रेंगाळले तेव्हा विलंबाविरुद्ध, आणि पुरा झाला तेव्हा त्याच्या पदपथाविरुद्ध, असे त्यांचे दोन अर्ज आहेत. 2018 साली आयुक्त तुकाराम मुंढे यांनी मालमत्ता करात वाढ केली, त्या वाढीविरुद्ध नानांनी हरकत नोंदविली. त्याच वर्षी मुंढे यांची बदली झाली, त्या बदलीविरुद्धही नोंदविली. यात विसंगती दाखविणाऱ्यास नाना शांतपणे सांगतात, की कर वाईट होता आणि माणूस चांगला होता, आणि दोन गोष्टींना दोन अर्ज लागतात. या उत्तरात तथ्य नाही असे म्हणण्याचे धाडस आम्हांस तरी होत नाही.

नानांच्या न्यायबुद्धीची खरी कसोटी लागते ती पूररेषेच्या प्रकरणी. 2008 च्या सप्टेंबरातील महापुरानंतर गोदेच्या दोन्ही काठांवर निळी आणि लाल अशा दोन रेषा आखल्या गेल्या, आणि तेव्हापासून शहरातील मालमत्ताधारकांत दोन वर्ण निर्माण झाले: रेषेच्या आतले आणि बाहेरचे. बाहेरचे म्हणतात, रेषा शास्त्रशुद्ध आहे. आतले म्हणतात, ती आखणाऱ्याने नदी पाहिलीच नाही. नानांचे दुर्दैव असे, की जुन्या नाशकातील वडिलार्जित वाड्यात त्यांचा हिस्सा निळ्या रेषेच्या आत, आणि ते राहतात तो गंगापूर रोडवरील फ्लॅट लाल रेषेच्याही बाहेर. सबब वाड्याच्या वतीने रेषा मागे हटवावी आणि फ्लॅटच्या वतीने ती कायम ठेवून काठावर नवी इमारत होऊ देऊ नये, असे दोन अर्ज त्यांनी एकाच दिवशी, एकाच पिशवीतून दाखल केले. दोहोंत साक्षीदार एकच: गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती. पाटबंधारेवाले विसर्ग क्युसेकमध्ये सांगोत, जुना नाशिककर पाणी मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, एवढेच विचारतो. आणि नानांच्या पहिल्या अर्जात मारुतीच्या गळ्याशी पाणी आले तरी वाड्याचा ओटा कोरडा राहतो, तर दुसऱ्या अर्जात मारुतीच्या छातीला पाणी लागताच सारा काठ जलमय होतो. मारुतीने अद्याप कोणत्याही अर्जावर हरकत घेतलेली नाही.

पाण्याच्याच बाबतीत त्यांची एक हरकत कायमची तहकूब आहे. गंगापूर धरणाचे पाणी नाशिकचे. ते 2005 च्या कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तत्त्वाने जायकवाडीसाठी सोडणे हा अन्याय होय, असे नानांचे मत प्रखर होते, आणि त्याचा मसुदाही तयार होता. दरम्यान कन्येचे लग्न ठरले, आणि सासर निघाले औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर; तेथे नळाला पाणी किती दिवसांनी येते, हे लेकीने पहिल्याच दिवाळीला सांगितले. तेव्हापासून तो मसुदा पिशवीच्या तळाशी आहे. प्रदेशाप्रदेशांतील जे भांडण मंत्रालयास मिटविता आले नाही, ते एका सोयरिकीने नानांपुरते मिटले.

परंतु नानांच्या आयुष्यातील सर्वांत कडवट प्रसंग तपोवनाचा. 2027 च्या सिंहस्थासाठी तेथे साधुग्राम उभारावयाचे, त्याकरिता सुमारे 1,700 ते 1,800 झाडे तोडावी वा हलवावी लागतील, अशी नोटीस 2025 च्या नोव्हेंबरात निघाली. ज्या तपोवनात लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले, आणि त्यावरून गावास नासिक नाव पडले, तेथे त्या वेळी हरकती मागविल्या नव्हत्या, ही ऐतिहासिक उणीव भरून काढण्याच्या निर्धाराने नाना सकाळीच राजीव गांधी भवनात पोहोचले, तो काय! खिडकीपुढे रांग. महाविद्यालयीन मुली, डॉक्टर, वकील, सायकलवाले, ज्यांनी जन्मात कधी अर्जास टाचणी लावली नाही असे लोक हातात कागद घेऊन उभे. हरकती शेकड्यांनी जमा झाल्या. सुनावणीत एवढा गदारोळ झाला, की नानांचा परिच्छेद चार कोणाच्या कानी पडला नाही. साधूंना जागा हवी हे म्हणणारेही होते, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नव्हते. बारा वर्षांनी येणारा पाहुणा उभा कोठे राहणार? पण झाडही एकदा गेले म्हणजे बारा वर्षांच्या बोलीवर परत येत नाही. नानांना मात्र त्या दिवशी झाडांचेही दुःख नव्हते आणि साधूंचेही. ज्या मार्गाने आजवर आपण एकटे चाललो तेथे गर्दी झाली, आणि त्या गर्दीने एक पानाच्या, शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेल्या अर्जांनी महापालिका हलविली, हे शल्य त्यांना बोचत होते. घरी येऊन त्यांनी काकूंना एवढेच सांगितले, ‘सबब हा शब्द एकानेही वापरला नाही.’

नाना तऱ्हेवाईक आहेत, स्वार्थास तत्त्वाचा अंगरखा घालण्यात वाकबगार आहेत. तरीही टपरीवरच्या आम्हां सर्व मतवंतांपेक्षा ते सरस ठरतात, कारण नोटिशीची मुदत उलटल्यावर दफ्तरात जे सापडते ते त्यांचेच असते. आमच्या मताची तेथे नोंद नाही. तेव्हा वाचकांस एवढीच विनंती, की पुढची जाहीर नोटीस निघेल त्या दिवशी वर्तमानपत्राचे आतले पान वाचल्याविना रद्दीत टाकू नये. अर्ज दोन प्रतींत न्यावा, मुदतीच्या अखेरच्या दिवसाची वाट पाहू नये, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का उमटल्याखेरीज खिडकी सोडू नये. नाना तेथे असतीलच. टाचणी त्यांच्याकडे मिळेल.