हवेतला हिशेबनीस

कॅप्टनच्या घरात शिरलं की आधी जवसाचा वास येतो. चटणीचा नव्हे, तेलाचा. पुढच्या खोलीत पंख्याच्या हुकाला सव्वादोन मीटर लांबीचं, दुधीभोपळ्यासारखं एक धूड टांगलेलं आहे आणि त्याच्या मांजरपाटावर जवसाच्या तेलाचे हात चढताहेत. त्यासाठी पंखा काढून ठेवलाय. वर्ध्यात, मे महिन्यात. यावरून माणसाचा अंदाज यावा.

या धुडाला विमान म्हणू नका, कॅप्टन दुखावतात. ती हवाई नौका आहे. १८९० च्या सुमारास पुलगावहून आर्वीला कापसाच्या गाठी नेणारी, वाफेवरची. अशी नौका कधी नव्हती, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. वाफेच्या जमान्यात जी यंत्रं झालीच नाहीत ती झाली असं समजून रचायची, या छंदाला जगभर स्टीमपंक म्हणतात. बाकीचे त्यात मौज करतात. पितळी चष्मा लावला, दोन दातेरी चाकं चिकटवली, झालं. कॅप्टन मात्र लेखा विभागातून निवृत्त झालेले. त्यांना खोटं चालतं, खोटा हिशेब चालत नाही. (कॅप्टन हे नाव गल्लीनं ठेवलेलं. स्वतः एसटीत खिडकीजवळ बसत नाहीत, मळमळतं.)

त्यांचं दैवत फ्रान्सचा आंरी जिफार्ड. १८५२ मध्ये त्यानं ४४ मीटर लांबीची नौका तीन अश्वशक्तीच्या वाफेच्या इंजिनावर पॅरिसहून त्रापपर्यंत नेली. अंतर २७ किलोमीटर. पुलगाव ते आर्वी, जिथे पुढे नॅरोगेज शकुंतला धावायची, ते पस्तीस. "म्हणजे आर्वीच्या अलीकडे आठ किलोमीटरवर, कोणाच्या तरी तुरीत उतरावं लागते," कॅप्टन चिंतेनं सांगतात. या आठ किलोमीटरांवर त्यांचा एक अख्खा हिवाळा गेला.

ज्युल व्हर्नवर मात्र राग. त्यानं १८८० च्या कादंबरीत वाफेवर चालणारा पोलादी हत्ती हिंदुस्थानात फिरवला, पण विदर्भात त्याचा पाय पडला नाही. "अनुशेष तिथपासून आहे," म्हणतात.

पुतण्या इंजिनिअरिंगला. त्यानं हौसेनं संगणकावर नौकेचं मॉडेल करून दिलं, वर झोकदार धुराडं ठेवलं. कॅप्टननी पडद्याकडे पाहिलं आणि चष्मा काढला.

"काऊन बे, धुराडं वर काऊन ठेवलं?"

"काका, चांगलं दिसते नं."

"दिसते! वर हायड्रोजन भरला आहे. एक ठिणगी गेली तं गाठी, खलाशी, सगळं खाक!"

जिफार्डनं धुराडं खाली वळवलं होतं ते यासाठीच. त्यामुळे आता कॅप्टनच्या नौकेचंही धुराडं जमिनीकडे तोंड करून आहे आणि आत उदबत्ती लावली की धूर थेट पाहुण्यांच्या चहाच्या कपात येतो.

कामट्यांचा सांगाडा, त्यावर मांजरपाट, सायकलच्या स्पोकच्या ताणकाठ्या, खाली गोरसपाकच्या खोक्याची कोठी. योग्य मापाचा खोका मिळेस्तोवर चार खोके आणले. आतला माल संपवायला शेजारधर्म म्हणून मी जात होतो. नौकेचं वजन त्यांनी काटेकोर राखलं, माझं नाही राहिलं.

वजनाचा विषय निघाला की निदान तासभर उठता येत नाही. एक घनमीटर हायड्रोजन साधारण १.१ किलो उचलतो. कापसाची गाठ आज १७० किलोची. म्हणजे एकेका गाठीला दीडशेच्या वर घनमीटर, बॉयलर, कोळसा, पाणी वेगळं. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. पारा पंचेचाळिशीपार गेला की हवाच पातळ होते आणि डिसेंबरात दहा किलो उचलणारी नौका मे महिन्यात नऊवर येते. मग त्यांनी उन्हाळी भाड्याचं वेगळं दरपत्रक केलं, तीन महिने खपून. कापूस तर हिवाळ्यातच निघतो, असं मी सहज बोलून गेलो. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पण खरी नौका टांगलेली नाहीच, ती कपाटात आहे. लाल कापडी बांधणीच्या सात वह्या. माल आवक, कोळसा खर्च, खलाशांचा हजेरीपट. खलाशी क्रमांक ४ कोळसा घरी नेताना सापडला, त्याची खातेनिहाय चौकशी दोन वर्षं सुरू होती. अर्ध्या पगारावर निलंबित. एकदा भाजी निवडता निवडता वहिनी म्हणाल्या, "अहो, सोडून द्या न त्याला आता. लेकरंबाळं असतील त्याची."

"साक्षीदार उलटला आहे," कॅप्टन म्हणाले, आणि पान उलटलं.

गेल्या तान्ह्या पोळ्याला नातवानं हट्ट धरला. सगळ्यांचे लाकडी नंदी तेच ते, झुली त्याच त्या, आपण नंदीला नौका जुंपू. कॅप्टन आधी नाही म्हणाले, मग नौका हुकावरून उतरवली. चाकांच्या पाटीवर धूड, पुढे हातभर नंदी, शेपटाला चार पोरं. चौकात परीक्षकांनी चारी बाजूंनी पाहिलं आणि "भोपळा मस्त केला" म्हणून कंपासपेटी दिली. कॅप्टन खाली पाहत राहिले. मला वाटलं, आता सात वह्या चुलीत जातात.

रात्री गेलो तर आठवी वही काढून बसलेले. नोंद पूर्ण झाली होती, शाई वाळायची होती:

'पुलगाव–आर्वी फेरी. वारा प्रतिकूल, वाफ बंद. नौका नंदीने ओढून नेली. भाडे जमा: कंपासपेटी एक. नंदी हाकण्यास खलाशी क्र. ४ विनावेतन हजर. चौकशी मागे घेण्यात येत आहे.'