तूरडाळ पर्वती चढून आली

कुणाला सांगू नका. म्हणजे सांगा, पण माझं नाव घेऊ नका. आमच्या कॉलनीतली कॉलेजची मुलं पहाटे साडेचारला उठायला लागली आहेत. स्वतःहून! ज्यांना सकाळी दहाला उठवताना आयांचे घसे बसायचे, पंखे बंद करावे लागायचे, पांघरुणं ओढावी लागायची, ती मुलं आता अंधारात दात घासतात, आपली बाटली आपणच भरतात आणि दार न आपटता घराबाहेर पडतात. दार न आपटता! खरं तर तेव्हाच संशय यायला हवा होता.

पहिला अंदाज अर्थातच प्रेमप्रकरणाचा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तो लगेच मांडला. चार मुलगे आणि दोन मुली असं सहाजणांचं मिळून एक प्रेमप्रकरण कसं असेल, असं कुणी विचारलं, तर "आजकाल काही सांगता येत नाही" हे उत्तरही त्यांच्याकडे तयार होतं. पण मुलं परत यायची ती घामानं निथळत आणि पोटऱ्या चोळत. प्रेमात पोटऱ्या दुखत नाहीत, असा तळमजल्यावरच्या आजींनी निकाल दिला आणि तो विषय मिटला.

मग खरं काय ते बाहेर आलं. केटूएस. काकूंनी जिन्यात अर्धंच ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत 'पोरं केटूला निघालीत' ही बातमी तीन इमारतींत पोचली. ८,६११ मीटर उंचीच्या शिखरावर निघालेल्या पोराच्या आईला धीर द्यायला दोघी-तिघी गेल्यासुद्धा. शेवटी त्या माउलीनंच चहा करून त्यांना सांगितलं, की अहो, कात्रज ते सिंहगड.

हे ऐकून बायका निर्धास्त झाल्या, ही मात्र त्यांची चूक. कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी वाघजाईचं देऊळ आहे. तिथून डोंगरावर चढायचं आणि रांगेच्या माथ्यामाथ्यानं पश्चिमेला सिंहगडाकडे चालत सुटायचं, तेही रात्री. अंतर १५-१६ किलोमीटर सांगतात. सपाटीवर एवढं चालणारे आजोबा आमच्याकडे आहेत. पण इथे एक टेकडी चढायची, तेवढीच उतरायची आणि समोर दुसरी उभी. अशा टेकड्या १३. का १४? यावर पुण्यात एकमत नाही आणि पुण्याची रीत पाहता ते होणारही नाही. मधलं छोटं टेकाड मोजायचं की नाही, यावरून जुनी मित्रमंडळं फुटल्याचं ऐकिवात आहे. उतारावर घसारा, म्हणजे कातळाचा चुरा होऊन पसरलेली बारीक खडी. पाय ठेवला की पाय पुढे आणि माणूस मागे. धारेवर पाणी नाही. आणि रात्रभर समोर सिंहगडावरच्या टीव्हीच्या मनोऱ्याचा लाल दिवा दिसत राहतो. पहिल्या टेकडीवरून दिसतो तेवढाच तो आठव्या टेकडीवरूनही दिसतो. हे स्वतःच्या पैशानं, सुट्टीच्या दिवशी, कुणी शिक्षा केलेली नसताना!

आता सरावाचं ऐका. पाणी नाही म्हटल्यावर प्रत्येकानं आपापलं चार लिटर तरी न्यायला हवं. म्हणजे चार किलो नुसतं पाणीच. वर खाऊ, टॉर्च, जादा सेल, बँडेज, इलेक्ट्रालच्या पुड्या. एवढं ओझं घेऊन चढायचं, तर तेवढंच ओझं घेऊन सराव करायला हवा, हे तर्कशुद्ध आहे. या मुलांचं नेमकं हेच भयंकर आहे, की सगळं तर्कशुद्ध असतं. ओझ्यासाठी सुरुवातीला सॅकमध्ये इंजिनिअरिंगची पुस्तकं भरली. मुलानं पुस्तकं उचललेली पाहून एका वडिलांचे डोळे पाणावले म्हणतात. पण पुस्तकांचे कोपरे पाठीला टोचतात. मग मुलांची नजर स्वयंपाकघराकडे वळली.

माझ्या शेजारणीनं एका रविवारी सकाळी आमटीसाठी तुरीचा डबा उघडला, तर आत खडखडाट. भरलेला डबा गेला कुठे म्हणून तिनं कामवाल्या मावशींना विचारलं, नवऱ्याला विचारलं, किराणावाल्याला फोन लावला. सव्वासातला चिरंजीव आले आणि त्यांनी सॅकमधून पाच किलो डाळ काढून ओट्यावर ठेवली. पर्वतीच्या पायऱ्या १०३. ही डाळ त्या चार वेळा चढून-उतरून आली होती. "अहो, मी वर्षभरात पर्वतीला गेले नाही आणि डाळ चार वेळा देवदर्शन करून आली!" हे सांगताना शेजारीण रागावली होती की हसत होती, ते मला नीट कळलं नाही. आमटी मात्र तिनं केली आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय वाढली नाही.

त्याहून धक्कादायक म्हणजे कालनिर्णय. या मुलांनी ते आजवर एकदाच उलटून पाहिलं असेल, गणपतीची सुट्टी कधी ते बघायला. आता प्रत्येकाच्या घरी पौर्णिमा गोल करून ठेवल्या आहेत. चांदणं असलं की धारेवरची वाट दिसते, टॉर्च कमी लागते. आमच्या आजी संकष्टीला चंद्रोदय किती वाजता, असं विचारायच्या तेव्हा हीच नातवंडं डोळे फिरवायची. परवा नातीनं आजींना विचारलं, "आजी, त्रयोदशीला चंद्र किती वाजता मावळतो?" आजींनी आधी उत्तर दिलं आणि मग कपाळावर हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.

बुटांचं तर बोलूच नका. एका घरात नुसत्या बुटांवरून बापलेकांत अबोला झाला. मुलाला दुकानातले भारीतले, घोट्याच्या वर येणारे हवे होते. वडील स्वतः तरुणपणी गडांवर भटकलेले. त्यांचं म्हणणं, अ‍ॅक्शनचे ट्रेकिंगचे बूट घे, स्वस्त असतात आणि सह्याद्रीच्या कातळाला धरून राहतात. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचा काळ वेगळा होता." बाबा म्हणाले, "काळ वेगळा असेल, कातळ तोच आहे." शेवटी अ‍ॅक्शनचेच आले. खाऊच्या बाबतीतही तीच गत. महागड्या प्रोटीन बारचा अर्धा डबा संपला आणि मंडळी गूळ-शेंगदाणे आणि राजगिऱ्याच्या लाडवांवर आली. बार थंडीत दगडासारखे कडक होतात आणि तोंड कोरडं पाडतात, असा शोध लागला म्हणे. लाडू वळून देणाऱ्या आजींचा भाव त्या दिवसापासून इतका वधारला आहे, की त्या आता भाजीला बसत नाहीत.

शनिवार-रविवार आतकरवाडीतून सिंहगड. पायथ्यापासून पुणे दरवाज्यापर्यंत पाऊण तासात पोचलं तर बरी चाल समजतात. पहिल्या खेपेला आमच्या पोरांनी झोकात सुरुवात केली आणि पहिल्या चढालाच झाडाखाली बसली. तेवढ्यात सत्तरी उलटलेले एक आजोबा, पांढरी अर्धी चड्डी, पायात साधे कॅनव्हासचे बूट, हातात काठीसुद्धा नाही, बाजूनं वर गेले. जाताना फक्त "चला, चला" म्हणाले. मुलं ताक पिऊन उठेपर्यंत तेच आजोबा उतरताना पुन्हा भेटले. या वेळी काहीच बोलले नाहीत. मुलांच्या मते ते जास्त लागलं. सिंहगडावर असे नित्याचे चढणारे शेकड्यानं आहेत आणि तरुण पिढीचा असा पाणउतारा ते वर्षानुवर्षं, फुकट करत आले आहेत.

इथवर सगळं खपवून घेता आलं असतं. पण यांच्या नियमांपैकी एक मात्र अगदीच समाजविघातक आहे. संघाची वेळ म्हणजे शेवटच्या माणसाची वेळ. सहाजण निघाले, तर सहावा पोचेपर्यंत कुणीच पोचलेला नाही! दहावीपासून ज्यांना 'इकडेतिकडे बघू नकोस, पुढे जा' एवढाच मंत्र दिला, ज्यांच्या सीईटीच्या क्लासपायी घरात नवं फर्निचर आलं नाही, ती मुलं आता मागे बघत चालतात. कोणाला धाप लागली, कोणाचा पाय घसरला, कोणाचं पाणी संपत आलं. क्लासची फी परत मागायची का, असा विचार दोन पालक गंभीरपणे करत आहेत.

त्यातून भांडण झालंच. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा सगळ्यांत चपळ. सिंहगडाच्या एका सरावात तो बाकीच्यांना टाकून अर्ध्या तासात दरवाज्यात पोचला आणि वर भजी मागवून बसला. बाकीचे आले, त्यांनी भजी खाल्ली आणि त्याला सांगितलं, की आता तू सगळ्यांत मागे. जो सर्वांत दमदार, त्यानं शेवटी राहायचं, कुणी मागे राहणार नाही हे बघायचं आणि गरज पडली तर दुसऱ्याची सॅकही घ्यायची. आणि जी सर्वांत सावकाश चालते, ती आजींची नात, तिला वाट काढणाऱ्याच्या पाठोपाठ ठेवलं, म्हणजे तिच्या चालीनं सगळे चालतील. ती म्हणेल तेव्हा बसायचं, ती उठेल तेव्हा उठायचं. चपळ मुलाची आई तरातरा खाली आली. "माझा मुलगा पहिला येत होता, त्याला शेवटी ठेवला!" आजी म्हणाल्या, "आणि माझी नात शेवटी येत होती, तिला दुसरी ठेवली. मी कुठे तक्रार केली?" यावर काय बोलणार?

हे खूळ इथलंच आहे असं समजू नका. काकूंची भाची इंग्लंडात असते. ती म्हणाली, आमच्याकडे डार्टमूरच्या माळरानावर 'टेन टॉर्स' म्हणून १९६० पासून चालत आलेलं प्रकरण आहे. लष्कर भरवतं. १४ ते १९ वर्षांची मुलं, सहाजणांचे संघ, मिळून सुमारे २,४०० जण. वयाप्रमाणे ३५, ४५ किंवा ५५ मैल, दोन दिवसांत. तंबू, चूल, जेवण सगळं पाठीवर आणि वाट शोधायला नकाशा नि होकायंत्र. २००७ साली पावसानं इतका धुमाकूळ घातला की अर्ध्यावर थांबवावं लागलं. आणि गंमत म्हणजे ती शर्यत नाहीच. पहिला कोण आला हे तिथे कुणी विचारत नाही. हाँगकाँगमध्ये १९८१ साली गुरखा सैनिकांच्या सरावातून निघालेल्या 'ट्रेलवॉकर'मध्येही चौघांनी मिळून ४८ तासांत १०० किलोमीटर चालायचं असतं. म्हणजे जगभरात ही कीड आहे. काकूंना त्यामुळे जरा बरं वाटलं.

एक मात्र खरंच बोलायला हवं. दर पौर्णिमेला त्या धारेवर पाऊणशे-शंभर माणसांचे घोळके घेऊन जाणारे लोक, खांद्यावर स्पीकर, वाटेवर बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं, आणि घोळक्यात शेवटचा माणूस कोण हे नेणाऱ्यालाच ठाऊक नाही. त्याविषयी कॉलनीत कुणी तोंडाला पदर लावत नाही. डाळ नेली की मात्र बोभाटा.

तर मागच्या पौर्णिमेला आमचे सहाजण गेले आणि आले. सरावाच्या घोळक्यातले दोघे मोठे, पूर्वी ती वाट चाललेले, बरोबर होते, म्हणून आयांनी परवानगी दिली. दर टेकडीच्या माथ्यावर थांबून प्रत्येकानं आपला आकडा ओरडायचा, सगळे आकडे आले की पुढे. एका बाजूला पुण्याचे दिवे, दुसऱ्या बाजूला सातारा रस्त्याचे. पहाटे सिंहगडाच्या घाटातल्या डांबरी रस्त्यावर उतरले, वर जाऊन पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाल्लं आणि सोमवारी कॉलेजात लंगडत गेले. टेकड्या किती, याची सहाजणांनी तीन वेगवेगळी उत्तरं दिली.

हेही सोडून देऊ. पण एकाच्या तोंडून निसटलं, की अकराव्या टेकडीवर वीस मिनिटं बसलो होतो, रडणं थांबेपर्यंत. रडणं? कोणाचं? इथे तो सावध झाला. काकूंनी त्याला थालीपीठ खायला घातलं, काही उपयोग झाला नाही. मग बाकीच्या पाचजणांना वेगवेगळं गाठलं. आजींनी नातीला जवळ बसवून, केसांना तेल लावत विचारलं. चपळ मुलाच्या आईनं तर सरळ जेवणाचं ताट पुढे ठेवून विचारलं. सहाही जणांचं उत्तर एकच, अक्षराचा फरक नाही: "कुणी नाही." या कॉलनीत आजवर कुणाचं लग्न मोडलं, कुणाला किती मार्क पडले, कुणाच्या फ्रिजमध्ये काय असतं, यातलं काहीही आठवडाभर लपून राहिलेलं नाही. याला आता तीन आठवडे झाले. काकूंनी अजून आशा सोडलेली नाही. पुढच्या पौर्णिमेला राजगड-तोरणा ठरतंय, निघण्याआधी पोरं जेवायला त्यांच्याकडेच आहेत.