पक्षी कोणता?

पेणात जन्म काढून ज्याला पापड लाटता येत नाही, गणपतीच्या मूर्तीचे डोळे आखता येत नाहीत आणि ताटातल्या जिताड्याचे काटेही धड काढता येत नाहीत, त्याने निदान भूतदया तरी करावी, अशा विचाराने मी पक्ष्यांकडे वळलो. पक्ष्यांना कुणी सावध केलं नव्हतं.

धरमतरच्या खाडीकाठी, खारबंदिस्तीच्या बांधावर फिरताना कांदळवणाच्या कडेला एक पक्षी फडफडताना दिसला. पंखाला तंगूस गुरफटलेला, अंग विटकरी, डोकं-छाती पांढरीशुभ्र. जवळच जाळं निवडत बसलेल्या काकांना मी ठासून सांगितलं, की हा अमेरिकेचा गरुड. धरमतरच्या जेट्टीला कोळशाच्या बार्जा लागतात, त्यातल्याच एकीवर बसून आला असणार. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ब्राह्मणी घार हाय ती. रोज येते."

मग म्हणाले, "अंगावर फडकं टाक. अंधार झाला का गप बसंल." मी खांद्यावरचा टॉवेल असा काही नेम धरून फेकला, की काका अंधारात गेले आणि गप बसले. घार मात्र उजेडात होती, आणि माझा उजवा हात तिच्या आवाक्यात.

आपण घाबरतो चोचीला. खरा कारभार नख्यांचा असतो. शिकारी पक्ष्याच्या बोटांतले स्नायूबंध असे काही बनलेले असतात, की मूठ आवळली की आपोआप कुलूप बसतं. मी हात ओढत होतो, ती मूठ आवळत होती. शेवटी डाव्या हाताने कसाबसा वनविभागाच्या १९२६ ला फोन लावला. पलीकडून शांत आवाज आला, "घाबरू नका. आधी पाय सरळ करा." मी चिखलात बसकण मारून पाय लांब केला.

"केला."

"सुटली पकड?"

"नाही."

"पाय कुणाचा सरळ केलात?"

तोवर टॉवेलातून बाहेर आलेल्या काकांनी घारीचा पाय हळूच ताणला. नख्या उलगडल्या. तंगूसही त्यांनीच कापला, पण पंखाला झालेली जखम खोल होती.

घार घरी आणली. तिला न्यायला माणूस येईपर्यंत काय करायचं, तेही फोनवर कळलं. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून तिला अंधारात, शांत जागी ठेवा, खायला काही देऊ नका आणि चमच्याने पाणी तर मुळीच पाजू नका, कारण पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या मुळाशीच उघडते आणि ओतलेलं पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं. "थोडक्यात, तुम्ही काहीच करू नका." बायको म्हणाली, "एरवी ते यांना उत्तम जमतं."

त्या दिवशी जमेना. पापडाच्या खोक्यात विष्णूचं वाहन आलंय म्हणून आई निरांजन घेऊन उभी, शेजारचे नाना १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली मला किती वर्षं बसेल याचा हिशेब खिडकीतून ओरडून सांगताहेत, आणि घार शांत आहे ना, हे पाहायला मी दर थोड्या वेळाने झाकण उघडून तिची शांतता घालवतोय. अशाच एका पाहणीत खोक्याच्या तळाशी एक ओलसर गोळी दिसली. घारीचं आतलं काहीतरी निखळलं, अशी खात्री पटून मी ती कागदात बांधली आणि धावत पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी चिमट्याने उलगडून दाखवली: माशांचे काटे, खवले, चिंबोरीच्या कवचाचे तुकडे. न पचलेलं असं ओकून टाकणं हा शिकारी पक्ष्यांचा नित्यक्रमच.

"गोळी उत्तम आहे," ते म्हणाले. "तुम्ही धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंत का?"

घार वनरक्षकांबरोबर गेली, बरी झाली आणि खाडीवर सोडली गेली. यात माझा वाटा खोक्यापुरता. पण गावाला कोण सांगणार? रायगडात या कामाला मोठी नावं आहेत. महाडचे प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांच्या सिस्केप संस्थेने म्हसळ्याच्या चिरगावात गिधाडं जगवली. ज्या डायक्लोफेनॅकने गिधाडांचा घात केला, ते औषध जनावरांसाठी बंद झालं २००६ साली. चिरगावात मात्र माणसांनी झाडांवरची घरटी राखली. लोकांनी मलाही त्याच पंगतीत बसवलं.

म्हणूनच आळीतली पोरं पिंगळ्याचं पिल्लू माझ्याकडे घेऊन आली. या खेपेला मला सगळं पाठ होतं. जमिनीवर सापडलेलं पिल्लू बहुधा अनाथ नसतंच. आईबाप जवळपास असतात. घरी आणून खिमा भरवला, तर हाडांविना त्याला मुडदूस होतो, वर ते माणसालाच आपली आई समजून बसतं. मला हा मान नको होता. जखम नव्हती, तेव्हा उपाय एकच: जिथून पडलं तिथे परत. नानांची शिडी लावून मी आंब्यावर चढलो आणि पिल्लू ढोलीत सोडलं. अगदी व्यवस्थित. खाली नानांनी, काम झालं असं समजून, शिडी उचलून नेली.

दिवेलागणीला पिंगळ्याची जोडी आली. पिवळे डोळे वटारून, माना खाली-वर करत त्यांनी मला निरखलं, आणि मग माझ्या डोक्यावरून कर्कश कलकलाट करत पिल्लाला नाकतोडे भरवू लागली. सारी आळी झाडाखाली जमली. बायकोने १९२६ ला फोन लावला.

"झाडावर अडकलेत. उतरता येत नाहीये," ती म्हणाली.

"पक्षी कोणता?"

"पक्षी नाही हो," ती वर बघत म्हणाली. "आमचे हे."