अर्जदाराशी नाते

जुन्या शाळेच्या सभागृहातले पंखे कधी निवांत पाहिलेत का? पात्यांवर तांबड्या रंगात दात्याचं नाव असतं, कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ. पंखा फिरू लागला की नाव हवेत विरघळतं. ते वाचता येतं फक्त वीज गेल्यावर, म्हणजे खाली बसलेली मंडळी घामाने निथळत व्यवस्थापनाला बोल लावत असतात तेव्हा. मला या पंख्यांविषयी फार माया आहे. हयातीत त्या गृहस्थांनी गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांना ‘उद्या या’ म्हणून वाटेला लावलं असेल, पण गेल्यावर मात्र परक्यांच्या पोरांना वर्षानुवर्षं वारा घातला. अर्थात मेल्यावर उदार होणं तसं सोपंच. हात आखडता घ्यायला हातच उरलेला नसतो.

याच्या अगदी उलट जे. एम. बॅरी. ‘पीटर पॅन’चे हक्क त्यांनी १९२९ साली, चांगले हिंडतेफिरते असताना, लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या मुलांच्या रुग्णालयाला देऊन टाकले. त्यातून किती पैसा येतो हे मात्र कुणाला सांगू नका, असंही बजावलं. कधीच मोठं न होणाऱ्या मुलाची कमाई आजारी मुलांच्या औषधपाण्याला लागली, आणि आकडा गुलदस्त्यातच राहिला. तिथे पंखाही नाही आणि पातंही नाही.

आमच्या दादाला बॅरी व्हायचं नव्हतं. त्याला आयकर वाचवायचा होता. दादा न्यू जर्सीत नोकरी करून तिथेच निवृत्त झाला, पण वाढला सदाशिव पेठेत, हे त्याच्याशी पैशावर पाच मिनिटं बोललं की कळतं. गेल्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा जेवणाच्या टेबलावर फॉर्म पसरून तो मला समजावत होता. ४०१ (के) खात्यातला पैसा म्हणजे कर न भरता पगारातून बाजूला टाकलेला पैसा. कर माफ झालेला नसतो, दारावर ताटकळत बसलेला असतो. पैसे आपण काढले तर आपण भरायचा, मुलांना मिळाले तर मुलांनी. त्यातून २०१९ च्या कायद्याने मुलांना हे खातं साधारण १० वर्षांत रिकामं करावं लागतं, तेही नेमकं त्यांच्या भर कमाईच्या दिवसांत. धर्मादाय संस्थेला मात्र हा कर लागतच नाही, डॉलर अख्खाच्या अख्खा पोचतो. मग शहाण्याने काय करावं? घर आणि शेअर मुलांना ठेवावेत आणि संस्थेला द्यायचं ते या खात्यातून द्यावं. “पुण्य आणि करबचत, एका सहीत!” दादा खुलून म्हणाला. चित्रगुप्ताला ही नोंद नेमकी कुठल्या खात्यावर टाकावी, याचा थोडा पेच पडेल खरा.

मी म्हटलं, मग मृत्युपत्रात लिही की. तर म्हणे, मृत्युपत्राला इथे कोण विचारतो? या खात्याचा पैसा फॉर्मवर ज्याचं नाव त्याला जातो. ड्यूपाँट कंपनीतल्या एका माणसाने घटस्फोट घेतला, बायकोने आपला हक्कही सोडला, पण फॉर्मवरचं तिचं नाव बदलायचं राहून गेलं. तो वारला आणि चार लाखांवर डॉलर त्या घटस्फोटित बायकोला गेले. त्याच्या मुलीच्या बाजूने खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २००९ साली निकाल आला, फॉर्मच्या बाजूने.

तो सर्वशक्तिमान कागद मग मीही आदराने हातात घेतला. नाव, जन्मतारीख, अर्जदाराशी नाते, टक्के. टक्क्यांची बेरीज बरोबर शंभर हवी. कागदाला वारस म्हटला की रक्ताचाच सुचतो. संस्थेची जन्मतारीख काय लिहायची? आणि नातं? दादाच्या मनात होतं आमच्या कोकणातल्या गावचं वाचनालय. खाऱ्या हवेने फुगलेली पुस्तकं, प्रत्येकाला खाकी कव्हर, कादंबरीच्या शेवटच्या पानाआधीच कुणीतरी पेन्सिलीने खुनी जाहीर केलेला, आणि साडेसहाला दिवा मालवून आम्हाला हाकलणारे ग्रंथपाल. या सगळ्याशी दादाचं नातं मावसभावापेक्षा जवळचंच. पण करमाफी हवी तर संस्था अमेरिकेच्या ५०१ (सी) (३) कलमात बसणारी हवी. आणि दादा आता अमेरिकी नागरिक, म्हणजे त्याचा पैसा परदेशी. तो घ्यायचा तर वाचनालयाकडे एफसीआरएची नोंदणी हवी, दिल्लीच्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेत खातं हवं. आमच्या वाचनालयात तर पावसाळ्यात वर्तमानपत्रही दुपारी पोचतं. शेवटी १९७८ पासून अमेरिकेत राहून महाराष्ट्रातल्या कामांना हातभार लावणाऱ्या महाराष्ट्र फाउंडेशनचं नाव दादाने चाळीस टक्क्यांसमोर लिहिलं.

(आपल्याकडे तरी काय वेगळं? कुटुंब असेल तर प्रॉव्हिडंट फंडाला कुटुंबाबाहेरचं नामांकन चालत नाही. बँकेच्या ठेवीला नॉमिनी हाडामांसाचा लागतो. म्युच्युअल फंडाला मात्र धर्मादाय न्यास चालतो. शेअरबाजाराच्या आसऱ्याला असलेल्या पैशालाच तेवढी धर्मबुद्धी का सुचावी, कोण जाणे.)

उरली वहिनीची सही. या खात्याची वारस कायद्याने बायकोच. दुसऱ्या कुणाला एक टक्का द्यायचा तरी तिची लेखी संमती लागते, बहुधा नोटरीसमोर. मला कर्ण आठवला. कवचकुंडलं उतरवून देताना त्याच्या बायकोची संमती कुणी विचारली होती?

वहिनीने चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला. दादाच्या सगळ्या कागदांवर ती आजवर न वाचताच सही करत आली होती, त्यामुळे तो जरा अस्वस्थ झाला.

“इथल्या लायब्ररीला दोन टक्के घाला,” ती म्हणाली.

“इथल्या? गावची इतकी श्रीमंत लायब्ररी, तिला कशाला?”

मग तिने सांगितलं ते दादालाही नवीन होतं. पहिल्या हिवाळ्यात गाडी एकच, ती ऑफिसला जाई. घरात हीटर काटकसरीने लावायचा. ती पोराला गुंडाळून बर्फातून चालत लायब्ररीत जाई आणि दिवसभर बसे. तिथे ऊब होती. का बसलात, असं कुणी कधी विचारलं नाही. इंग्रजी ती तिथेच शिकली, पोराच्या चित्रांच्या पुस्तकांतून. त्यातलं बदकाचं एक पुस्तक परत करायचं राहून गेलं, आणि मग दंडाच्या भीतीने ती बरेच महिने तिकडे फिरकलीच नाही.

“मग ते पुस्तक गेलं कुठे?” मी विचारलं.

“तुमच्याच घरी. तुमची लेक झाली तेव्हा मी नाही का पुण्याला घेऊन आले?”

पिवळं बदक, कोपरा कुरतडलेला, आत निळा शिक्का. माझ्या मुलीने पहिली इंग्रजी अक्षरं त्यावरच वाचली होती.

खाडाखोड चालत नव्हती, म्हणून दादाने फॉर्म नव्याने छापला. चाळीसचे अडतीस केले, खाली लायब्ररीचं नाव नीट अक्षरात लिहिलं आणि नात्याच्या रकान्याशी येऊन थांबला.

“‘सावकार’ लिहा,” वहिनी म्हणाली, “आणि दोन टक्क्यांत व्याज बसतंय का तेही बघा.”