पेस्टपंथीयांचा वाद

प्रोसेसरवर थर्मल पेस्ट किती आणि कशी लावायची, यावर जेवढे पंथ आहेत तेवढे मिसळीच्या कटावरूनही पडले नसतील. एक पंथ वाटाण्याएवढा ठिपका देतो, दुसरा फुली मारतो, तिसरा जुन्या एटीएम कार्डाने कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत सारवतो. तिघांचं तापमान दोन-चार अंश इकडेतिकडे. भांडण मात्र कायम.

बिचाऱ्या पेस्टचं काम ते किती! कूलरचा तळ आणि प्रोसेसरचं झाकण यांच्यातल्या बारीक खाचांतली हवा हाकलायची, बस. तांब्याची उष्णतावाहकता ४०० च्या घरात, चांगल्या पेस्टची १० च्या आसपास, हवेची ०.०३ सुद्धा नाही. म्हणजे पेस्ट हवेपुढे श्रीमंत, तांब्यापुढे भिकारी. तरी आमचे शूर वीर अर्धी ट्यूब पिळतात.

कूलर काढताना मात्र सगळे पंथ एक होतात: सरळ वर हिसका! एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये प्रोसेसरला वरून दाबणारी चौकट नसते. त्यामुळे वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही उपटून येतो, वर दोन पिना वाकड्या. मशीन थोडं तापवून, बंद करून, कूलर हलकेच डावीउजवीकडे फिरवत सोडवायचा, एवढा धीर कोणाला? जुना थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं तर फारच घरकामासारखं.

मग साग्रसंगीत नवा कूलर बसतो. तळाची ‘बसवण्यापूर्वी काढा’ लिहिलेली प्लॅस्टिकची फिल्म तशीच. तापमान नव्वदी गाठतं आणि शिव्या खातो पेस्टचा ब्रँड.