अकरा कॉलेजांचे सर

श्रीकृष्ण एवढ्या सगळ्या महालांत एकाच वेळी कसा पुरतो, हे बघायला नारदमुनी द्वारकेत गेले होते. बघतात तो प्रत्येक महालात कृष्ण हजर. कुठे सारीपाट मांडलाय, कुठे पोरांना खेळवतोय. मुनी हात जोडून परतले. कॉलेजांच्या संलग्नीकरणाच्या तपासणी समितीचा हा बहुधा पहिलाच दौरा असावा.

2024च्या जुलैत तमिळनाडूला भेटलेले नारद मात्र जरा खवट निघाले. ‘अरप्पोर इयक्कम’ या संस्थेने अण्णा विद्यापीठाशी संलग्न अभियांत्रिकी कॉलेजांच्या प्राध्यापकांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. (याद्या वाचायच्या असतात, हेच मुळात अनेकांना नवीन.) 353 प्राध्यापक एकाहून अधिक कॉलेजांत पूर्णवेळ! एक महाशय तर अकरा ठिकाणी. आधार क्रमांक तेवढा दर ठिकाणी निराळा. विद्यापीठाने मग स्वतः मोजदाद केली, तर सुमारे दोन हजार पदांवर माणसं निघाली 189. एका चपराशाच्या जागेसाठी पीएचडीवाले रांग लावतात त्या देशात माणशी दहा नोकऱ्या! बेकारी हटवण्याचा एवढा सोपा मार्ग नियोजनवाल्यांना सुचला नाही, याचंच नवल.

आमच्याकडे मात्र अजून जुन्या पद्धतीने, म्हणजे प्रत्यक्ष जाऊन शिकवतात. बार्शी सोलापूर विद्यापीठात, शेजारचं परंडा मराठवाडा विद्यापीठात आणि जामखेड पुणे विद्यापीठात. या त्रिकोणात एसटीच्या खिडकीशी नोट्स चाळणारा माणूस दिसला, की ओळखावं, सीएचबीवाले, म्हणजे तासाच्या हिशोबाने पैसे मिळणारे सर. नेट झालंय, सेट झालंय, पीएचडीही झालीय. जागा तेवढी निघायची आहे. एका कॉलेजात आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तास मिळणार, म्हणून दुसरं कॉलेज धरायचं, मग तिसरं. विद्यापीठ बदललं की अभ्यासक्रम बदलतो. बार्शीचं प्रकरण परंड्यात सुरू केलं, की मागच्या बाकावरून आवाज येतो, “सर, हे आपल्याला नाहीये.” आयुष्यात एकदाही नोट्स न काढलेलं पोरगं हे सांगतं, हे विशेष.

तासिका 48 मिनिटांची, पैसे मात्र घड्याळी तासाचे. पदवीच्या वर्गाला तासाला 900 रुपये, असा 2023चा शासन निर्णय आहे. ते हातात कधी पडतील, याबद्दल सर आता विचारत नाहीत. सुट्टीत तर प्रश्नच नाही.

तिकडचे सर न जाता अकरा ठिकाणी पूर्णवेळ; आमचे सर तीन ठिकाणी जाऊन कुठेच पूर्णवेळ नाहीत.

तेव्हा पालकहो, प्रवेशाच्या वेळी संकेतस्थळावरचे प्राध्यापकांचे फोटो मोजत बसू नका. सकाळी अकराला कॉलेजच्या फाटकाशी उभे राहा आणि आत जाणारी माणसं मोजा.