किल्ली त्यांची, कुलूप तुमचे

डिसेंबर 2001 मध्ये रिचर्ड रीड नावाच्या इसमाने पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात बुटातली स्फोटके पेटवू पाहिली. वात पेटली नाही. अमेरिकेतल्या प्रवाशांना मात्र पुढे विमानतळावरच्या तपासणीत बूट काढण्याची सक्ती झाली आणि ती उठायला जुलै 2025 उजाडला. तोवर फाटके मोजे जगजाहीर.

2006 मध्ये लंडनचा द्रव स्फोटकांचा कट उघड झाला, त्यानंतर हातातल्या सामानातल्या द्रवांवर 100 मिलीची मर्यादा आली, आणि बऱ्याच विमानतळांवर ती अजूनही आहे. शाम्पू तळाशी उरला असला तरी मोजतात बाटलीच!

खरी करमणूक चेक-इन बॅगेची. तपासणीसाठी कुलूप तोडावे लागू नये म्हणून विमानतळांवर तपासणी करणाऱ्या अमेरिकेच्या टीएसए या सरकारी यंत्रणेने मान्य केलेली खास कुलपे बाजारात आली. ती सगळी मोजक्या मास्टर किल्ल्यांनी उघडतात. किल्ल्या अर्थातच गुप्त. 2014 मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने सामान-तपासणीवरच्या लेखासोबत त्यांचा चांगला ठसठशीत फोटो छापला. वर्षभरात हौशी मंडळींनी त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर किल्ल्या काढल्या, आणि त्या चालल्याही. यावर टीएसएचा खुलासा असा, की ही कुलपे प्रवाशांच्या मनःशांतीसाठी आहेत, विमान-सुरक्षेशी त्यांचा संबंध नाही.

ही मनःशांती अजूनही दुकानात मिळते. तीन आकड्यांच्या कोडसह.